सित्स्केचा साकव

"मॅडम, त्येर्दला गणितात दहापैकी सहासुद्धा नाहीत आणि मला साडेसात आहेत, तर तो गणित 'ब'ला आणि मी गणित 'अ'ला, असं का?"

विचारलं बाई एकदाचं! सगळ्या वर्गासमोर, उभी राहून, आवाज जराही न कापता. खरं सांगायचं तर ती पैज होती. यिल्डाउ आणि रिक्स्त या माझ्या दोन मैत्रिणी. (मैत्रिणी कसल्या, छळवादी मंडळ!) मधल्या सुट्टीत पावावर चॉकलेटची भुरभुर घालून खाता खाता त्यांनी जाहीर केलं की फेन्नाच्या, म्हणजे माझ्या, अंगात एवढा दम नाही. विचारलं नाही, तर घरापर्यंत वाऱ्याविरुद्ध सायकल मारताना त्या दोघींची दप्तरं मी वाहायची. आमच्या फ्रीसलँडचा मार्च महिन्यातला वारा ज्याने तोंडावर घेतलाय, त्यालाच कळेल ही शिक्षा काय असते. डोंगर नाही, झाड नाही, वाऱ्याला अडवायला फक्त तुम्ही.

पण दप्तरांसाठी मी विचारलं नाही. गेल्या ऑगस्टपासून मी घाबरेनाशीच झालेय. उन्हाळाभर मी काठीवरून कालवा ओलांडायला शिकत होते. भलीमोठी काठी पाण्यात उभी असते, धावत जाऊन तिला मिठी मारायची, ती पलीकडे कलते तेवढ्यात माकडासारखं सरसर वर चढायचं आणि पलीकडच्या वाळूत उडी टाकायची. जमलं तर वाळू, नाही तर चिखलपाणी. मी उन्हाळाभर चिखलपाणीच खाल्लं. केसांत शेवाळ, नाकात चिखल, आणि काठावरचं सगळं गाव दर वेळी टाळ्या वाजवायचं. पडल्यावर टाळ्या! शेवटच्या स्पर्धेत मात्र मी वाळूत उतरले, तीही पायांवर. तेव्हापासून आई म्हणते, "हिच्या अंगात काहीतरी शिरलंय."

तर प्रश्न. आमच्याकडे पंधराव्या वर्षी ठरवावं लागतं. गणित 'ब' घेतलं तरच पुढे अभियांत्रिकीचं दार उघडतं. 'अ' घेतलं तर बाकीची सगळी दारं उघडी राहतात, तेवढं एक बंद. आधी सगळे शिक्षक एकत्र बसून प्रत्येक मुलाला सल्ला देतात. आमच्या वर्गात 'ब'चा सल्ला एकाही मुलीला मिळाला नव्हता. बहुतेकींना तो नकोच होता. मला हवा होता. आमचं घर समुद्राच्या पातळीखाली आहे. पाणी उपसणारी पंपघरं थांबली तर आमच्या स्वयंपाकघरात मासे फिरतील. त्या पंपघराजवळून लहानपणी बाबांच्या सायकलवर पुढे बसून जायचे तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच: किती पाणी, किती वेगाने, हे पहिल्यांदा कुणी मोजलं असेल? मला ते मोजणारी व्हायचंय. बस्स.

तेर्पस्त्रा मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. गणित शिकवणाऱ्या त्या एकट्याच बाई आहेत आमच्या शाळेत, बाकी सगळे सर. आवाज अगदी मऊ.

"त्येर्द अभ्यास करत नाही, फेन्ना. तरी सहाच्या जवळ पोचतो. उद्या त्याने मनावर घेतलं तर कुठल्या कुठे जाईल. तू जीव तोडून करतेस, म्हणून साडेसात. तुझ्यात जेवढं होतं तेवढं तू दिलंयस."

"मॅडम, मी मनावर घेणार नाहीये, काळजी नसावी," त्येर्द मागून ओरडला.

वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. ते हसणं मला अजून खुपतं.

"पण मागच्या चाचणीला मी पुस्तक उघडलंच नव्हतं," मी म्हटलं. "आदल्या दिवशी आजीच्या वाढदिवसाला गेले होते."

मॅडम चक्क हसल्या. लाडाने हसतात ना, तशा. "असं कसं होईल? तुझी वही किती नीटनेटकी असते!"

यिल्डाउने बाकाखालून माझा हात दाबला. पैज मी जिंकले होते, आणि जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं.

तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं. दार लावून घेतलं. "रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात हे एकदा झालंय. पुन्हा नको. एवढंच."

एवढंच!

जे एकदा झालं, ते म्हणजे माझी मोठी बहीण सित्स्के.

सित्स्केने गणित 'ब' घेतलं होतं. वर्गात ती एकटी मुलगी. शेवटच्या वर्षी आमच्याकडे चौघाचौघांचे गट करतात आणि गावातलं एखादं खरंखुरं काम देतात. सित्स्केच्या गटाला मिळालं स्केटिंगचं मैदान. आमच्या गावचं बर्फ-मंडळ दर हिवाळ्यात एका कुरणात पाणी सोडतं, ते गोठलं की सगळं गाव त्यावर. पण त्या कुरणाकडे जायला मधे एक रुंद चर आहे, तिच्यावर लाकडी साकव हवा होता. गटात वित्से, आणखी दोन मुलं आणि सित्स्के. चौघांनी आराखडा केला, गावातल्या हौशी सुतारांनी शनिवार-रविवार खपून साकव उभा केला. वर्तमानपत्रात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'वित्से आणि त्याचे साथी.' मधे वित्से छाती काढून, आणि सित्स्के एका कडेला, हातात फाइल घेऊन, अर्धी कापली गेलेली.

उद्घाटनाला कडाक्याची थंडी होती. सगळं गाव दोन्ही काठांवर, हातात वाटाण्याच्या दाट सूपचे पेले. गावचा बँड वाजवत वाजवत साकवावर चढला आणि फोटोसाठी मधोमध थांबला. मी काठावर होते. आवाज आला तो मला आधी ढोलाचाच वाटला. मग बँड खाली गेला. पाणी फार खोल नव्हतं, बहुतेक जण भिजून, खरचटून वर आले. पण येल्मर, सगळ्यात मोठं पितळी वाद्य वाजवणारा, सित्स्केच्याच वयाचा, त्याच्यावर तुळई पडली. कंबरेचं हाड चुरलं. अजून कुबडी घेऊन चालतो. आमच्या घरावरून जाताना त्याची कुबडी रस्त्याच्या विटांवर टकटक वाजते, आणि सित्स्के उठून मागच्या खोलीत जाते.

तेव्हापासून आमच्या गावात त्या जागेला 'सित्स्केचा साकव' म्हणतात. साकव नाहीये तिथे, नुसते चार खुंट उभे आहेत. "कुठे भेटायचं?" "सित्स्केच्या साकवापाशी." इतकं सहज. त्या हिवाळ्यानंतर मैदानावर धड बर्फही धरलेला नाही. लहान पोरांना वाटतं तेही सित्स्केमुळेच.

वित्से आणि गटातली ती दुसरी दोन मुलं डेल्फ्टला अभियांत्रिकी शिकतायत. सित्स्केने परीक्षा दिलीच नाही. ती बियाण्याच्या बटाट्यांच्या गोदामात काम करते. सरकत्या पट्ट्यावरून बटाटे येतात. किडके एका बाजूला, चांगले दुसऱ्या.

आमच्या घरात याबद्दल कुणी बोलत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की चूक बाकीच्यांची असणार. वित्सेची असणार. सित्स्के माझी बहीण आहे, तिची कशी असेल? मॅडमनी दार लावून 'तुमच्या घरात' म्हटलं ना, तेव्हा माझ्या डोक्यात भडका उडाला. ठरवलं, आज सित्स्केकडून ऐकायचं आणि शाळेत जाऊन सगळ्यांच्या तोंडावर फेकायचं.

शाळेतून मी तडक गोदामावर गेले. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. मातीचा धुरळा, पट्ट्याचा खडखडाट, आणि सित्स्के कानांवर आवाज अडवणारे ते मोठे पिवळे कप लावून, मान खाली घालून उभी. मला बघून तिने एक कान मोकळा केला.

"घरी कुणाला काय झालं?"

"कुणाला काही नाही. तुझी सुट्टी कधी होते?"

"कॉफीची होईल आता. थांब तिथे. आणि पट्ट्याला हात लावू नकोस."

आम्ही रिकाम्या खोक्यांवर बसलो. तिने थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून मला दिली, स्वतः बाटलीनेच प्यायली. तिच्या नखांत माती होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: पैज, त्येर्द, वही, मॅडम. वहीचं ऐकून ती नाकातून हसली.

"आणि म्हणून मला साकवाचं विचारायचंय," मी म्हटलं. "चूक वित्सेची होती ना?"

"नाही."

"मग त्या दुसऱ्या दोघांची?"

"फेन्ना, चूक माझी होती."

मी कॉफी खाली ठेवली.

"असं तुला लोकांनी म्हणायला लावलंय," मी म्हटलं. "तू कशी चुकशील? तू तर..."

"मी तर काय? मी चुकले. भार दोन्ही टोकांना वाटला जातो, म्हणून दोनाने भागायचं. ते मी एका पानावर केलं होतं. पुढच्या पानावर परत केलं. दोनदा भागलं गेलं. तुळया हव्या होत्या त्यापेक्षा बारीक निघाल्या. बँड उभा राहीपर्यंत त्या टिकल्या हेच नशीब." ती हे इतकं सरळ सांगत होती, जसं काही दुसऱ्या कुणाचं गणित फळ्यावर सोडवतेय. "रोज सोडवते मी ते. पट्ट्याजवळ उभी असते तेव्हा. दर वेळी दुसऱ्या पानावर माझा हात थांबतो. तेव्हा नाही थांबला."

मला निर्दोष बहीण हवी होती. तिच्या जोरावर भांडायचं होतं मला. आणि ही बाई खोक्यावर बसून ते सगळं काढून घेत होती.

"पण तपासलं असेल ना कुणीतरी?" मी शेवटी विचारलं.

"वित्सेने. 'बरोबर आहे, चल, जेवायला जाऊ' म्हणाला. भूक लागली होती त्याला. वित्सेने तपासलं म्हणून बाकीच्या दोघांनी तपासलं नाही. मग तेर्पस्त्रा मॅडमकडे गेलं."

"मॅडमकडे?!"

"त्या आमच्या गटाच्या मार्गदर्शक होत्या. त्यांनी सही केली. 'अक्षर किती सुंदर आहे तुझं' म्हणाल्या."

पट्टा थांबला होता. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी रेडिओ लावला.

"अहवाल लिहायचं काम पहिल्याच दिवशी माझ्याकडे आलं," सित्स्के म्हणाली. "कुणी विचारलंसुद्धा नाही. करवत त्यांनी घेतली, मोजपट्टी त्यांनी घेतली, फाइल माझ्याकडे. 'तू नीट लिहितेस.' म्हणून प्रत्येक पानावर माझंच अक्षर. दवाखान्याच्या बाहेर बर्फ-मंडळाचे अध्यक्ष आले आणि म्हणाले, 'आकडे कुणाचे आहेत?' ते तिघं माझ्याकडे बघायला लागले. कुणी बोट दाखवलं नाही. खोटं कुणीच बोललं नाही, फेन्ना. अक्षर माझंच होतं."

"आणि मॅडम?"

"मॅडम जमिनीकडे बघत होत्या."

"तू सांगायचं ना की सगळ्यांनी..."

"काय सांगायचं? येल्मर आत होता. त्याची आई तिथे उभी होती. 'मी चुकले, पण यांनीही तपासलं नाही,' असं मी त्या बाईला सांगू?" तिने थर्मासचं बूच फिरवलं, घट्ट बसल्यावरही आणखी घट्ट. "त्याच्या आदल्या वर्षी वित्सेने प्रयोगशाळेचं छत जाळलं होतं, आठवतं? आगीचा बंब आला होता. एक मुलगा थोडक्यात वाचला, त्याच्या भुवया गेल्या. निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी तो किस्सा माइकवरून सांगितला. लोक हसून हसून लोळले. वित्सेसकट. त्या मुलालाही हसू आलं."

"तो जळाला नाही म्हणून."

"हो. तो जळाला नाही म्हणून," ती म्हणाली. "मी ते विसरत नाही. पण मी नंतर वर्गात परत गेले होते ना. फळ्यावर साधी बेरीज मांडली तरी मागून आवाज यायचा, 'सगळे खाली बसा रे, कोसळतंय!' साकव उभा होता तोवर वित्सेचा होता. पडला तेव्हा माझा झाला. आणि तो माझाच राहणार. मी म्हातारी होईन, ते खुंट कुजतील, तरी."

मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे बाबांसारखे आहेत, फिकट, त्यांत काय चाललंय ते कधी कळत नाही.

"तू 'ब' घेऊ नकोस."

"तूही?"

"तुला पडून हसायची सवय लागलीय. कालव्यात पडतेस, लोक टाळ्या वाजवतात, तू शेवाळ झटकून परत काठी धरतेस. 'ब'मध्ये टाळ्या नसतात. तिथे तू एकदा पडलीस की तुझ्यानंतर जी येईल तिलाही ते दाखवतात. तुला दाखवलं ना आज? 'तुमच्या घरात झालंय'?"

मला रडू येत होतं आणि मी ते नाकात दाबून धरलं होतं. "एक विचारू? तुला अजून आवडतं? गणित?"

सित्स्केने पिवळे कप कानांवर चढवले. "सुट्टी संपली," ती जरा मोठ्याने म्हणाली, ते कप लावल्यावर माणूस बोलतं तसं. पट्टा खडखडला. मी दारापर्यंत जाऊन मागे बघितलं. तिने मान वर केली नाही.

त्या रात्री मी झोपले नाही वगैरे काही झालं नाही. ढाराढूर झोपले. मला झोप लागतेच. पण सकाळी उठले ती सित्स्केचं 'घेऊ नकोस' कानात घेऊन.

संध्याकाळी शाळेत पालकांची भेट होती. आमच्याकडे ती दहा मिनिटांची असते. मोठ्या हॉलमध्ये टेबलांची रांग, प्रत्येकामागे एक शिक्षक, घंटा वाजली की उठायचं आणि पुढचं कुटुंब बसायचं. बाबा दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतात, ते कामावरून थेट आले होते, शर्ट बदलून. आई नगरपालिकेत आठवड्याचे तीन दिवस जाते. आज तिचा घरचा दिवस होता, म्हणून तिने केस धुतले होते.

"फेन्ना हुशार आहे," मॅडमनी सुरुवात केली. "मेहनती आहे. 'अ' घेतलं तर ती चमकेल. 'ब'मध्ये ती रखडेल, आणि एकटी पडेल. मला मुलींना दुःखी बघवत नाही. मी विद्यापीठात होते तेव्हा आम्ही दोघीच होतो. दुसरी सोडून गेली. मी राहिले, पण कशी राहिले ते मलाच ठाऊक."

"आम्हाला फक्त ती सुखी हवी," आई म्हणाली.

"आणि एका घरातून एक पुरे," बाबा म्हणाले. टेबलाकडे बघत.

"मग त्येर्दला का नाही वाचवत?" मी विचारलं.

"फेन्ना!" आई.

"नाही, खरंच. तोही रखडेल. त्याला सहासुद्धा नाहीत. तो दुःखी झालेला तुम्हाला चालतो?"

मॅडमनी चष्मा काढला. "मुलं रखडली तरी निभतात, फेन्ना. त्यांचं कुणी लक्षात ठेवत नाही."

हे त्या इतक्या प्रामाणिकपणे म्हणाल्या की मला पुढचं विचारायला क्षणभर लाज वाटली. पण विचारलं.

"सित्स्केच्या आकडेमोडीवर तुमची सही होती ना? तुम्ही ती वाचली होती?"

टेबलाखाली बाबांचा बूट माझ्या बुटावर आला. जोरात नाही, नुसता ठेवला, यंत्र बंद करताना हात ठेवतात तसा. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"चौकशी झाली त्या खोलीत मी एकटी बाई होते," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे पुरुष. मुख्याध्यापक, अध्यक्ष, सगळे. मी जर म्हटलं असतं की मी वाचलं नाही, तर त्यांनी..."

घंटा वाजली.

त्येर्दचे आईबाप मागेच उभे होते. त्याच्या बाबांनी खुर्चीच्या पाठीवर हातही ठेवला होता. "झालं का तुमचं?" ते हसत म्हणाले. मॅडमनी चष्मा लावला. "सल्ला हा सल्ला असतो," त्या घाईघाईने आईला म्हणाल्या. "ठरवायचं तुम्ही घरी. शुक्रवारपर्यंत कळवा. तुमच्या संमतीशिवाय काही होत नाही."

गाडीत बसल्या बसल्या बाबांनी काच पुसणारे दांडे सुरू केले.

"किती उद्धट झालीयेस," आई म्हणाली.

"मॅडमची सही होती, आई! त्यांनी वाचलंसुद्धा नाही! हे तुम्हाला माहीत नव्हतं."

आईने बाबांकडे बघितलं. आणि त्या बघण्यातून मला कळलं.

"माहीत होतं?"

"होतं," बाबा म्हणाले. रस्त्यावरून नजर न काढता. "मॅडम त्या आठवड्यात घरी आल्या होत्या. रडल्या. नोकरी गेली असती बिचारीची. एवढ्या कष्टाने मिळवलेली. आणि सित्स्के स्वतःच म्हणत होती की चूक तिची आहे. मग आणखी एका बाईला कशाला..." ते थांबले. "गावात राहायचं असतं, फेन्ना. या सगळ्यांच्या गोठ्यांतली यंत्रं मीच दुरुस्त करतो. अध्यक्षांचीही."

"आणि सित्स्केला माहीत आहे? की तुम्हाला माहीत होतं?"

आईने खिडकीकडे तोंड फिरवलं. "त्या दिवशी ती जिन्यात बसली होती," ती म्हणाली. "तिने सगळं ऐकलं."

गाडी त्या चार खुंटांजवळून गेली. अंधार पडत होता, पण ते दिसले. ते नेहमी दिसतात.

घरी आलो तर सित्स्केने टेबल मांडलं होतं. केलची हिरवी भाजी घालून घोटलेले बटाटे, वर सॉसेज, मधे रश्शासाठी केलेला खळगा. चौघं बसलो. बाबांनी काटा उचलला. आई म्हणाली, "गरम आहे, सांभाळून." बाहेर विटांवर टकटक ऐकू आली, लांबून, मग जवळ. येल्मर. सित्स्केने खुर्ची मागे सरकवली.

"बस," मी म्हटलं.

ती अर्धी उभी राहिली होती, हात टेबलाच्या कडेवर. टकटक खिडकीखालून गेली. ती बसली नाही, पण गेलीही नाही. मी पुन्हा काठीच्या टोकाला होते, काठी पलीकडे जाणार की नाही हे कळत नाही त्या क्षणी. फरक एवढाच की आता काठावर टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. टेबलाभोवतीच्या तिघांनाही मी हे करू नये असंच वाटत होतं, आणि तिघांचंही माझ्यावर प्रेम होतं.

"मी गणित 'ब' घेणार आहे," मी आईबाबांना सांगितलं. "संमती द्या, नाही दिलीत तर शुक्रवारी मी शाळेत जाऊन सही कुणाची होती ते मोठ्याने विचारेन, बँडसमोर विचारेन, पण घेणार. मी एकटी असेन. मी चुकणार आहे. कदाचित सित्स्केसारखी चुकेन, कुणाला लागेल, ते माझं मी सोसेन, पण माझ्या वाट्याचंच. तपासायला लावेन मी प्रत्येकाला, मॅडमनासुद्धा, एकेक पान, त्यांना भूक लागली तरी. आणि अहवाल मी लिहिणार नाही. कुणी विचारलं तर सांगा, आमच्या फेन्नाचं अक्षर फार घाणेरडं आहे."